ययातीची मुलगी

वि. स. खांडेकर यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९७४ साली ज्ञानपीठाचा मान मराठीस प्रथम लाभला तो याच ग्रंथामुळे. इतक्या वाचल्या गेलेल्या पुस्तकावर आणखी काय लिहावयाचे राहिले, असे वाचक विचारतील. आमचेही मत तेच होते. परंतु गेल्या पितृपक्षात परभणीस आमच्या घरी संध्याकाळी ही कादंबरी मोठ्याने वाचली जात असता आमच्या आत्याबाईंनी एक प्रश्न विचारला : "हे सगळे इथले झाले. वर गेल्यावर या बापाचे काय झाले?" उत्तर कादंबरीत नव्हते. ते शोधण्यासाठी महाभारत उघडावे लागले, आणि तेथे जे सापडले त्याने आमचा खांडेकरांविषयीचा आदर कमी झाला नसला, तरी त्यांनी काय गाळले हे मात्र ध्यानात आले.

सदोष बापांची ही कादंबरी आहे यात शंका नाही. मृत्यूच्या भयाने कासावीस झालेला नहुष, त्याच्या मुलांनाही सुख लाभणार नाही हा त्याला मिळालेला शाप, आणि त्या शापाच्या छायेत वाढून अखेर स्वतःच्या पुत्राकडे तारुण्य मागणारा ययाति, अशी ही परंपरा आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतः सांगतात, त्यामुळे बापाचा दोष त्याच्याच तोंडून ऐकावयास मिळतो. खांडेकरांना ययातीत आजचा, भोगाने तृप्त न होणारा माणूस दाखवावयाचा होता. म्हणून त्यांनी कथा पृथ्वीवरच संपविली. स्वर्गाचा हिशेब त्यांच्या कामाचा नव्हता.

महाभारतात मात्र मेल्याने बापाची सुटका होत नाही. नहुष इंद्रपदावरून पडून अजगर होतो, आणि वनपर्वात त्याच्याच कुळातला युधिष्ठिर त्याच्या प्रश्नांची उत्तरे देऊन त्यास मुक्त करतो. ययातीची गोष्ट याहून बिकट आहे. तो स्वर्गास जातो, आणि तपात आपल्या तोडीचा देवांत, मनुष्यांत वा महर्षींत कोणी नाही, असे इंद्रासमोर सांगून बसतो. तत्क्षणी त्याचे पुण्य सरते. सज्जनांच्या मध्ये पडावे एवढीच त्याची विनंती मान्य होते.

पुण्य सरते म्हणजे काय, हे समजावयास आमच्या जिल्ह्यातच एक जागा आहे. पाथरी तालुक्यात गोदावरीच्या पात्रात मुद्गलेश्वराचे देवालय आहे. नदीस पूर आला की ते पाण्याने वेढले जाते. गावाचे नाव मुदगल, आणि लोक त्याचा संबंध मुद्गल ऋषीशी जोडतात. वनपर्वातला मुद्गल कुरुक्षेत्री राहतो हे खरे, परंतु ऋषींनी किती ठिकाणी राहावे यावर आपण कशास मर्यादा घालावी? शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या या ऋषीस न्यावयास देवदूत विमान घेऊन आला, तेव्हा त्याने आधी स्वर्गाचे गुणदोष विचारले. दूत प्रामाणिक निघाला. तेथे केलेल्या कर्माचे फळ भोगावयाचे, नवे कर्म करता येत नाही. शिल्लक संपली की खाली पडावयाचे, असे त्याने सांगितले. मुद्गलाने नमस्कार करून विमान परत पाठविले. स्वर्गात कमाई नाही, हा तो नियम. म्हणूनच वर गेलेल्या बापास काही कमी पडले, तर ते भरून काढणारा माणूस खालीच असावा लागतो.

ययातीस सावरणारे कोण? ज्याचे तारुण्य त्याने घेतले तो पुरु नव्हे. उद्योगपर्व सांगते की नैमिषारण्यात यज्ञ करीत असलेल्या चार राजांमध्ये तो पडला, आणि ते चौघे त्याच्या मुलीचे मुलगे होते. ही मुलगी माधवी. विश्वामित्राचा शिष्य गालव गुरुदक्षिणेसाठी आठशे घोडे मागत ययातीच्या दारी आला. सारे पांढरे आणि एकेक कान काळा असे ते घोडे हवे होते. ययातीजवळ घोडे नव्हते, आणि याचकास विन्मुख पाठविणे कीर्तीस बाधक होते. त्याने मुलगी दिली. गालवाने तिला अयोध्येच्या हर्यश्वाकडे, काशीच्या दिवोदासाकडे, भोजांच्या उशीनराकडे एकेका मुलाच्या बोलीने ठेविले आणि प्रत्येकाकडून दोनशे घोडे घेतले. उरलेल्या दोनशेंच्या बदली खुद्द विश्वामित्रानेच तिला ठेवून घेतले. मग ती बापाकडे परत आली. बापाने स्वयंवर मांडले, तेव्हा तिने अरण्यास वरले आणि ती हरिणीसारखी रानात राहू लागली.

नारद ही गोष्ट दुर्योधनास सांगतो ती हट्ट करू नये हे पटविण्यासाठी. मुलीविषयी तो वेगळे काही म्हणत नाही. परंतु कथेने तिला विसरू दिलेले नाही. बाप पडला आहे हे कळल्यावर ती रानातून येते आणि आपल्या तपाचा अर्धा भाग त्यास देते. नातूही आपापले पुण्य देतात, गालवही आपल्या तपाचा आठवा हिस्सा देतो, आणि ययाति पुन्हा वर जातो. ज्या मुलीला घोड्यांच्या मोलाने दिले तिच्याच मिळकतीवर!

गालवाच्या कथेतील ही माधवी खांडेकरांच्या कादंबरीत नाही. स्वर्ग गाळल्यावर तिला तेथे जागाच उरत नाही, आणि मग हा व्यवहार बाप व मुलगा यांच्यातलाच राहतो. आमच्या मते कादंबरीतली ही मोठी उणीव आहे. शापाचे ओझे मुलांवर पडते हे खांडेकरांनी उत्तम दाखविले. बापाचे देणे मुलीच्या गाठीचे असते हे दाखविण्याची संधी मात्र हुकली.

ही केवळ पोथीतली गोष्ट नव्हे. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, आपल्याकडे आजेपाडवा असतो. ज्याचे वडील हयात आहेत असा मुलीचा मुलगा त्या दिवशी आईच्या बापास पाणी देतो. श्राद्धात दौहित्र, कुतप आणि तीळ ही तीन पवित्र, असे मनुस्मृतीही सांगते. मुदगलाहून गोदावरी खाली गंगाखेडास येते. तेथे जनाबाईचे मंदिर आहे. तिचा बाप दमा याने तिला लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेविले, असे परंपरा सांगते. 'नामयाची दासी' ही तिची नाममुद्रा. दमाचे नाव आज लोकांच्या मुखी आहे ते मुलीमुळेच.

आत्याबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आमच्या आजोबांनी त्यांस चौथीतून शाळेतून काढले, आणि वाचलेल्या पैशावर आमचे वडील हैदराबादेस शिकले. हे आमच्या घरी सर्वांस माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. सुदैवाने आत्याबाईंचे यजमान हयात आहेत, म्हणून आमचे आतेबंधू दरवर्षी आजेपाडव्यास गंगाखेडाच्या घाटावर जाऊन त्याच आजोबांस पाणी देतात.

माधवीची कथा आम्ही त्यांस वाचून दाखविली. ती संपल्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अर्धेच दिले ना? बरे केले." दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा निघाला, तेव्हा तीळ त्यांनीच पुडीत बांधून दिले.