अंगणातला दिवा कोणासाठी?

वसईच्या होळी, पापडी, गिरीज, निर्मळ या पट्ट्यात घराच्या पडवीवर किंवा फाटकाच्या खांबावर, माणूस जवळ आला की आपोआप लागणारे आणि तो गेला की विझणारे सेन्सरचे दिवे आता दिसू लागले आहेत. लोक त्यांच्याकडे शहरी सोय म्हणून पाहतात. दिव्यातलं यंत्र नवं आहे हे खरं, पण त्यामागचा हिशेब या भागाला शेकडो वर्षं ठाऊक आहे. घराबाहेरचा उजेड कोकणपट्टीत पिढ्यानपिढ्या माणसाबरोबर यायचा आणि माणसाबरोबर जायचा. रात्रभर रिकाम्या अंगणावर जळणारा दिवा ही अगदी अलीकडची, स्वस्त विजेच्या काळातली सवय आहे. हे लक्षात घेतलं तर सेन्सरचा दिवा कुठला घ्यावा, कुठे लावावा आणि तो बिघडला असं वाटलं तर काय तपासावं, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

तेलाच्या काळात उजेड ही मोजून वापरायची वस्तू होती. कोकणात दिव्यासाठी उंडीचं आणि करंजाचं कडू तेल वापरत. खोबरेल महाग, ते खाण्याला आणि केसांना. समईत किंवा पणतीत किती तेल घालायचं हे घरातल्या बाईला नेमकं माहीत असे आणि दिवा तेलाबरोबरच संपत असे. रात्री बाहेर पडायचं तर सुक्या चुडतांची चूड पेटवायची, ती वाऱ्यावर हलवत निखारा फुलवायचा आणि मुक्कामी पोचल्यावर मातीत घासून विझवायची. श्रीमंतांकडेही तत्त्व हेच, फक्त चूड धरायला वेगळा माणूस. पेशवाईत पालखीपुढे चालणारे मशालजी आणि दिवटे हा पगारी नोकरवर्ग होता. सरदाराच्या पुढे चार पावलं उजेड चालायचा आणि मागचा रस्ता पुन्हा काळोखात जायचा. देवळापुढच्या दीपमाळेवर दिवे लागत ते त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशी. रोज उजळलेली दीपमाळ कुठल्याही गावाला परवडली नसती.

यावर कोणी म्हणेल की तुळशीपुढचा दिवा तर रोज लागायचा, आणि वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत क्रूसापुढे मेणबत्त्याही लागतात, मग अंगणात रोजचा दिवा नव्हता असं कसं म्हणता? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण त्यातून दिव्यांच्या दोन जाती वेगळ्या होतात. तुळशीतला दिवा आणि क्रूसापुढची मेणबत्ती वाट दाखवायला लावलेली नसते. ती दिवेलागणीच्या वेळी देवापुढे लागते, जागची हलत नाही आणि तिच्या उजेडात कोणी पायरी शोधत नाही. कामाचा दिवा निराळा. तो हातात असतो आणि काम संपलं की विझवायचा असतो. विजेच्या दिव्याने या दोन जाती एकत्र केल्या. पडवीवरचा बल्ब जागचा न हलणारा झाला, रोज लागू लागला, पण त्याच्यामागे ना पूजा होती, ना काम.

हा बदल लगेच झाला नाही. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली आणि वसईची केळी, भाजी, फुलं, विड्याची पानं गाडीने मुंबईच्या बाजारात जाण्याची वाट मोठी झाली. गाडी गाठायची म्हणजे पहाटेच्या काळोखात वाडीतून निघणं आलं. त्याच सुमाराला मुंबई बंदरात अमेरिकेचं आणि पुढे बाकूचं घासलेट उतरू लागलं. कडू तेलापेक्षा ते स्वस्त, उजेड जास्त, आणि काचेआडची ज्योत वाऱ्याने विझत नसे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली सुरू झालेल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील पुढे मराठी मुलखात घरोघर पोचला. कंदिलाची बांधणी बारकाईने पाहिली तर त्याचा हेतू कळतो. वर धरायला कडी आहे आणि बाजूला वात खालीवर करायची चावी आहे. म्हणजे तो नेण्याआणण्यासाठी आणि गरजेपुरता मोठा करण्यासाठीच घडवलेला आहे. रात्री झोपताना वात बारीक करून कंदील ओटीवर ठेवत, उशिरा येणाऱ्यासाठी. आज काही सेन्सर दिव्यांत एरवी मंद आणि माणूस आला की प्रखर अशी सोय असते, ती याच बारीक वातीची वारसदार आहे. घरात म्हातारं माणूस असेल, पायऱ्या उंच असतील, तर असाच दिवा घ्यावा असं माझं मत आहे.

1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत वीज गावोगाव गेली. साठ वॅटचा पिवळा बल्ब अंगणात रात्रभर ठेवणं हे आधी ऐपतीचं आणि मग नेहमीचं झालं. बारा तासांच्या हिशेबाने तो महिन्याला एकवीस-बावीस युनिटं खातो. 2005 नंतरच्या भारनियमनाने या सवयीला धक्का दिला, पण ती मोडली नाही. 2015 पासून स्वस्त एलईडी बल्ब घरोघर आले आणि मग तर रात्रभर दिवा ठेवण्यात कोणाला काही गैर वाटेनासं झालं.

इथे सेन्सरच्या दिव्यावरचा सगळ्यात सबळ आक्षेप उभा राहतो. नऊ वॅटचा एलईडी बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिटंच होतात. सेन्सर स्वतः चोवीस तास थोडी वीज घेतोच, तेव्हा बचत उरते ती फार तर पावणेतीन युनिटांची. तेवढ्यासाठी जादा पैसे का घालवायचे? पैशाच्या बाजूने हा आक्षेप मान्य करायलाच हवा, आणि जो दुकानदार बिल निम्मं होईल असं सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण जुन्या काटकसरीतून तेलाच्या बचतीबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप मिळत होती, ती म्हणजे काळोख. तिची किंमत तेव्हा कोणी मोजली नाही, कारण ती भरपूर होती. पहिल्या पावसानंतर रात्रभरच्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थर साचतो, त्यांच्यामागे पाली येतात. काजव्यांना जोडीदार शोधायला अंधार लागतो. शेजारच्या खिडकीत पडणारा पांढरा उजेड शेजाऱ्याची झोप मोडतो. स्वस्त विजेमुळे यातलं काहीच बिलावर दिसत नाही, म्हणून ते नाहीसं होत नाही.

यंत्राचा इतिहास लांबचा आहे, पण तो समजला की तक्रारीही समजतात. विल्यम हर्शेलने 1800 साली तापमापकाच्या साहाय्याने दाखवलं की तांबड्या रंगाच्या पलीकडे न दिसणारे उष्णतेचे किरण असतात. फ्रेनेलने दीपगृहासाठी रचलेलं पायऱ्यापायऱ्यांचं भिंग 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात बसलं. सेन्सरवरची पांढरी, खवल्यांची प्लास्टिकची टोपी हे त्याच भिंगाचं छोटं रूप आहे, फक्त उलट कामाला लावलेलं. ते उजेड बाहेर न फेकता अंगाची ऊब आत गोळा करतं. म्हणजे हा दिवा माणूस ओळखत नाही. भोवतालपेक्षा निराळ्या तापमानाची वस्तू एका खवल्याच्या टापूतून दुसऱ्यात सरकली, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला तो आधी टिपतो, आणि तो फाटकासमोर न लावता वाटेच्या कडेला, सात-आठ फुटांवर लावणं बरं. मे महिन्याच्या उकाड्यात हवा आणि अंग यांच्या तापमानातला फरक फारसा उरत नाही, म्हणून दिवा उशिरा लागतो. तो बिघाड नव्हे. वसईत वाडी दाराशीच असते. उन्हाने तापलेली केळीची पानं वाऱ्याने हलली की तिन्हीसांजेला दिवा उगाच लागतो. अशा वेळी सेन्सरचं तोंड खाली वळवावं, पानांच्या बाजूच्या खवल्यांवर काळी चिकटपट्टी लावावी, संवेदनशीलतेचा खटका कमी करावा. टोपीवर कोळ्याचं जाळं किंवा मिठाचा थर आहे का हेही पाहावं, खाऱ्या वाऱ्याच्या गावात ते नेहमीचं आहे. वीज गेली आणि आली की दिवा अर्धा-एक मिनिट लागून राहतो, ते त्याचं स्थिरावणं आहे. पण मिटतच नसेल, तर आतल्या रिलेचे संपर्क चिकटले असण्याची शक्यता मोठी, आणि बंद असताना एलईडी मंद धगधगत असेल तर न्यूट्रलची तार सेन्सरला दिली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावं. रडारवर चालणारे सेन्सर पातळ आडोशापलीकडचीही हालचाल टिपतात. गल्लीलगतच्या घराला ते नकोत. सौर दिवे उन्हाळ्यात उत्तम, पण आषाढात चार दिवस ऊन पडलं नाही की पहाटेपर्यंत त्यांची बॅटरी टिकत नाही.

राहता राहिली चोराची भीती. रात्रभर दिवा असला की घर सुरक्षित, ही समजूत पक्की आहे. पण सतत उजळलेल्या अंगणात कोणी वावरलं तर घरच्यांना वेगळं काही कळत नाही. काळोखातला दिवा अचानक लागला तर आतल्या माणसाची नजर तिकडे जाते, शेजाऱ्याचीही जाते. अर्थात हे सगळं जागं कोणी असेल तरच, आणि कुलपाची जागा कुठलाच दिवा घेत नाही. म्हणून होळी-गिरीजच्या घरांना एवढंच सांगणं आहे: सेन्सर जरूर लावा, पण प्रखरपणा पाहून विकत घेऊ नका. पिवळसर, कमी वॅटचा, पावसात टिकणारा आयपी 65 चा दिवा घ्या, त्याचं तोंड स्वतःच्या पायरीकडे ठेवा आणि बाकीचं अंगण काळोखाला राहू द्या.