ध्यानाचे फळ : शिवथरघळ ते लोणावळे

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे ज्या मावळी मुलखात वसले आहे, त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उतरून महाड तालुक्यात गेले की शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) तेथे दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची धारणा असून, हे स्थान धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली शोधून काढले. दासबोधाच्या चौदाव्या दशकात अखंड ध्यानावर स्वतंत्र समास आहे. अखंड ध्यान म्हणजे बैठक मोडली तरी न मोडणारे अनुसंधान, अर्थात चित्ताचे ध्येयाशी सतत जोडलेले राहणे.

या साधनेने साधकाच्या देहाला काय मिळते, हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय जागा, आसन, मोजका आहार व मोजकी झोप यांचा तपशील देतो आणि कुंडलिनी, म्हणजे देहात सुप्त मानलेली शक्ती, जागी झाल्यावर योग्याची काया नवी होते असे वर्णितो. तरीही हे फळ वाटेवरचे आहे, मुक्कामाचे नव्हे.

विसाव्या शतकात हाच क्रम उलटला. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासांकडे योग शिकून, बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या पोटाच्या क्रिया तपासल्या, आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आसन-प्राणायाम यंत्राला सापडतात, ध्यान तितके सापडत नाही. म्हणून प्रारंभीचे प्रयोग देहापाशीच राहिले, यात नवल नाही. तथापि साधनेचा लाभ मोजून दाखवावा, ही अपेक्षा येथून मराठी समाजात रुजली.

इगतपुरीत सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना केंद्राचे काम १९७६ पासून चालू झाले; विपश्यना म्हणजे श्वास व शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे. दहा दिवसांच्या मौनी शिबिरानंतर साधकाने घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे तेथे सांगितले जाते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४७ चाचण्यांच्या आढाव्यात ध्यानामुळे चिंता, नैराश्य व वेदना काहीशा कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा आढळला. झोप व एकाग्रता यांबाबत, म्हणजे जाहिराती ज्यांचा सर्वाधिक डंका पिटतात त्यांबाबत, तसा पुरावा मिळाला नाही.