बर्फाखालचा मासा आणि मुंबईचा बर्फ

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

विषयाचा फलक लागला तेव्हा लोणार फाट्यावर एका आजोबांनी मला गाठलं. म्हणाले, "काहो सर, इथं मे महिन्यात डोस्कं तापते, अन् तुम्ही बर्फावरची मासेमारी सांगता?" त्यांचं बरोबर आहे. आपल्या सुलतानपूरच्या माणसाला तळं म्हटलं की लोणारचंच आठवतं. खारं, सोड्याचं पाणी, आणि 'त्यात मासा नाही' हीच त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. गोठणं तर दूरच. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो. महाराष्ट्राचा बर्फ तेवढ्यावर संपतो.

तरीही हा इतिहास मुंबईवरून जातो. कसा, ते सांगतो.

आधी तळं गोठतं म्हणजे काय होतं, ते पाहू. पाणी सर्वांत जड असतं 4 अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ तर तरंगतोच. त्यामुळे तळं वरून गोठतं, खाली पाणी राहतं आणि त्यात मासा जिवंत राहतो. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाण्यात प्राणवायू भरपूर हवा, आणि वीस अंशांच्या वर पाणी गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी बर्फात भोक पाडायचे, अंगावर पांघरूण घेऊन त्या भोकावर पालथे पडायचे. वरचा उजेड बंद झाला की खालचं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं. मासा आला की भाला. गंमत म्हणजे काश्मीरमध्ये आंचार आणि दल सरोवरांवर हिवाळ्यात मच्छीमार नावेच्या टोकाशी घोंगडीखाली बसतात आणि त्या सावलीत दिसणारा मासा भाल्यानं टिपतात. या दोघांची कधी भेट झाली नाही. थंडीनं दोघांना एकच युक्ती शिकवली.

आता त्याच बर्फाचा दुसरा उपयोग पाहा. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी गोठलेल्या तळ्यांचा बर्फ विकायचा. घोड्यांना औत जुंपावं तसं कापणीयंत्र जुंपायचं, बर्फाच्या लाद्या कापायच्या, भुसा घालून जहाजात रचायच्या. मे 1833 मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. वाटेत बराच वितळला, पण शंभरेक टन उरला! पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'नं छापली. 1843 मध्ये गोदीजवळ बर्फ ठेवायला खास इमारतच उभी राहिली.

हेन्री डेव्हिड थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तेव्हा 1846-47 च्या हिवाळ्यात तिथलाही बर्फ कापला गेला. त्यानं दोन्ही दृश्यं लिहून ठेवली आहेत: पहाटे बर्फात भोकं पाडून गळ टाकणारे लोक, आणि दिवसभर लाद्या कापणारे मजूर. सकाळी भगवद्गीता वाचणारा हा माणूस मनाशी म्हणतो की आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसं पिणार.

बर्फ समुद्र ओलांडू शकतो हे कळलं, तेव्हा काहींच्या डोक्यात आलं की बर्फावर मासाही ओलांडेल. आता साहेबाला इथं आल्यावर काय आठवायचं? घरचा ओढा आणि त्यातला ट्राउट. मासा जिवंत आणणं अशक्य. आणायची ती अंडी. दहा अंशांच्या पाण्यात तपकिरी ट्राउटचं अंडं सुमारे सहा आठवड्यांत फुटतं, पाच अंशांत जवळजवळ बारा. म्हणजे थंडी वाढवली की वेळ विकत घेता येतो. 1864 मध्ये जेम्स यूल यानं 'नॉरफोक' जहाजातून शेवाळात बांधलेली अंडी बर्फाच्या ढिगाखाली ठेवून टास्मानियाला धाडली. तीन महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतून पिल्लं निघाली.

भारतात मात्र लवकर जमलं नाही. फ्रान्सिस डे, मद्रासच्या लष्करी सेवेतला डॉक्टर, ज्याचा भारतीय माशांवरचा ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात, त्यानं 1863 आणि 1866 मध्ये निलगिरीसाठी प्रयत्न केला, दोन्ही फसले. काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डनं 1899 मध्ये पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली. 1900 मध्ये दुसरी खेप टिकली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल याच्या हाती ती वाढली, मग महाराजा प्रतापसिंहांच्या राज्यात हारवनला हॅचरी झाली. तिथून मासा ओढ्यांत, आणि पुढे वर गंगाबल, विशनसर, किशनसर या डोंगरी सरोवरांत गेला. ही सरोवरं हिवाळ्यात पार गोठतात. अंडी बर्फावर आली आणि नातवंडं बर्फाखाली राहायला गेली, असं म्हणा ना.

मग तिथं भोक पाडून ट्राउट धरतात का? रीत म्हणून नाही. हिवाळा हा ट्राउटच्या विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद. आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. ही बंदी माशासाठी योग्यच, पण तिच्याबरोबर दुसरंही आलं. ओढ्यांचे पट्टे पाडले, परवाना लागू झाला, काठी-गळाशिवाय मासा धरायचा नाही. साहेबाची हौस कायदा झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारा स्वतःच्याच ओढ्यावर चोर ठरला. स्थानिक माशांच्या वाट्याला एक खादाड पाहुणा आला तो वेगळाच. ट्राउटचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण मिचेलचं कौतुक करून थांबतात. कौतुक मीही करतो, पण जाळं गुंडाळून घरी गेलेल्या माणसाचं नाव कुणी नोंदवलं नाही, हे मला खटकतं. आपल्याकडच्या भोई मंडळींना तलावाचा ठेका दुसऱ्याला गेला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढे चित्र थोडं बदललं. 1984 मध्ये युरोपीय मदतीनं कोकरनागला मोठा ट्राउट प्रकल्प झाला, आणि आज काश्मीरमध्ये शेतकरीही वाहत्या पाण्याच्या हौदांत ट्राउट वाढवतात. बर्फाचा व्यापार मात्र तोवर कधीच संपला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच शहरांत बर्फाचे कारखाने निघाले, मग बॉस्टनची लादी कोण घेणार?

एक चिठ्ठी आली आहे: "लोणारात ट्राउट सोडला तर?" आधी पाण्याचं पाहा. त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. ट्राउट तिथं तग धरणार नाही, वर आपला उन्हाळा. आणि समजा एखादा चिवट मासा जगलाच, तर त्या पाण्यातले जे सूक्ष्मजीव जून 2020 मध्ये तळं गुलाबी करून गेले, त्यांचं काय होईल? 2020 मध्येच त्याला रामसर दर्जा मिळाला, तेव्हा तिथं काही सोडण्याआधी विचारावंही लागेल. कुणाला, ते विचारणारा दुसरा प्रश्न त्या कोपऱ्यातून येतोय. हां, बोला काका.