दूरच्या आवाजासाठी राखलेली शांतता

वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, ज्या घरांत ट्रान्झिस्टर होता त्या घरांत वाढलेल्या पिढीला एक अनुभव खचित आठवत असेल. रात्रीची रोझरी आटोपलेली, जेवणे झालेली, आणि मुंबई केंद्र लावण्यासाठी कोणी बटण फिरवू लागले की मध्येच एखादे अरबी गाणे उमटे. क्षणभर ते अगदी स्पष्ट ऐकू येई आणि लाटेसारखे ओसरून जाई. दिवसा त्याच जागी केवळ खरखर असे. आपण बटण पुढे फिरवीत असू, कारण आपल्याला बातम्या हव्या असत. जगात मात्र अशी काही माणसे होती, आणि आजही आहेत, जी नेमकी त्या ओसरत्या आवाजापाशी थांबली. त्यांच्या छंदाला तारायंत्राच्या भाषेतील ‘दूर अंतर’ या अर्थाच्या खुणेवरून ‘डीएक्स’ असे नाव पडले. त्या छंदाचा इतिहास आम्हांला यंत्रांचा कमी आणि ऐकण्याच्या वृत्तीचा अधिक वाटतो.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी मंडळींच्या संघटनेने पॉल गॉडली या तज्ज्ञाला स्कॉटलंडला धाडले. अटलांटिकपलीकडील हौशी प्रक्षेपकांचे संदेश युरोपात ऐकू येतात काय, हे त्याने पाहायचे होते. आर्ड्रोसन या समुद्रकाठच्या गावी, थंडीपावसात, एका तंबूत तो रात्रीमागून रात्री कान देऊन बसला. अखेर कनेटिकट राज्यातील ग्रिनिच येथील हौशी केंद्राचे मोर्स लिपीतील संदेश त्याने टिपले. त्या लहरींची लांबी सुमारे २३० मीटर, म्हणजे आज आपण ज्यांना मध्यमलहरी म्हणतो त्यांच्याच पट्ट्यात मोडणारी होती.

मोर्सच्या टिकटिकीपाठोपाठ मानवी वाणी आली. पिट्सबर्गच्या केडीकेए या केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले होते, आणि पुढील दोन-तीन वर्षांत अमेरिकेत शेकडो केंद्रे उभी राहिली. घराघरांत रात्री जागून दूरच्या गावांची नावे वहीत टिपण्याची चढाओढ लागली. शिकागोच्या एक्को कंपनीने १९२४ मध्ये केंद्रांच्या नावांची सुबक तिकिटेच छापली. आपण काय ऐकले त्याचा पुरावा आणि दहा सेंट केंद्राकडे पाठवावेत, केंद्राने तो पडताळून तिकीट धाडावे, आणि ते संग्रहवहीत चिकटवावे, अशी ही पद्धत होती. नुसते ‘ऐकले’ म्हणून भागत नसे. वेळ, गाण्याचे नाव, निवेदकाचे शब्द असे काहीतरी नेमके सांगावे लागे. छंदाचा हा प्रामाणिकपणाचा दंडक आजतागायत टिकून आहे.

परंतु एक अडचण होती. गावातीलच केंद्र सुरू असले तर त्याच्या दणक्यात दूरचा क्षीण आवाज बुडून जाई. त्यावर शिकागो शहराने काढलेला उपाय आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. तेथील केंद्रांनी दर सोमवारी संध्याकाळी सातनंतर आपले प्रक्षेपण बंद ठेवण्याचे मान्य केले! आपल्या श्रोत्यांना दुसऱ्यांचे ऐकता यावे म्हणून आपण गप्प बसायचे. बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी आठवड्यातील एक रात्र मौनाला द्यावी, हे आज खरे वाटणार नाही. जाहिरातींचे उत्पन्न वाढले, केंद्रांची संख्या वाढली, मौन महाग पडू लागले आणि १९२७ च्या सुमारास ही प्रथा लयास गेली.

श्रोत्यांच्या अंगीही हा संयम नेहमीच होता असे नव्हे. जानेवारी १९२६ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील केंद्रांनी एक आठवडा ठरवून, एकमेकांसाठी आळीपाळीने मौन पाळून, परस्परांना ऐकण्याचा प्रयोग केला. त्या काळच्या पुष्कळ संचांत मात्र एक खोड होती. दूरचे केंद्र पकडण्याच्या हव्यासाने त्यांची शक्ती मर्यादेबाहेर वाढवली, की तो संच स्वतःच चिमुकला प्रक्षेपक होऊन शेजाऱ्यांच्या संचांत शिट्ट्या घुमवी. केंद्रे गप्प राहिली, पण श्रोत्यांच्या उतावीळपणानेच आकाश कर्कश झाले, आणि अनेकांच्या पदरी निराशा आली.

हे आवाज रात्रीच का येतात? मध्यमलहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातील एका विद्युत्‌भारित थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो. मग लहरी त्याहून उंच असलेल्या थरापर्यंत पोहोचतात आणि आरशावरून किरण परतावा तशा पृथ्वीवर परततात. खारे पाणी त्यांना पुन्हा वर धाडते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या घरांना सातासमुद्रांपलीकडचे ऐकू येण्याचा विशेष लाभ होतो. अशा थराचे अस्तित्व एडवर्ड ॲपलटन यांनी डिसेंबर १९२४ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. त्यासाठी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचा प्रक्षेपक त्यांना मध्यरात्री, कार्यक्रम संपल्यावर, वापरावयास मिळाला होता. १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

दुसऱ्या महायुद्धात या छंदाची खरी कसोटी लागली. बर्लिन आणि टोकिओ येथील केंद्रे लघुलहरींवरून आपल्या ताब्यातील युद्धकैद्यांची नावे व निरोप वाचून दाखवीत. शत्रूच्या प्रचाराकडे श्रोते ओढण्याचे ते आमिषच होते. परंतु दूरचे ऐकण्याची सवय असलेल्या अमेरिकेतील अनेक सामान्य स्त्रीपुरुषांनी त्या प्रचारातून केवळ नावे आणि पत्ते तेवढे वेचले व अनोळखी घरांना पोस्टकार्डे धाडली की, आपला मुलगा जिवंत आहे, कैदेत आहे. एकेका घरी निरनिराळ्या गावांहून अशी कितीतरी पत्रे पोहोचत. ज्या आईला सरकारकडून फक्त ‘बेपत्ता’ एवढाच शब्द कळला होता, तिला त्या कार्डाचे मोल काय वाटले असेल, हे वाचकहो, आम्ही सांगावयास नको. याच काळात, १९४० ते १९४६ या वर्षांत, मार्कोनी यांनी उभारलेल्या आणि १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी सुरू केलेल्या व्हॅटिकन रेडिओनेही हरवलेल्या व बंदिवान माणसांविषयीचे १२ लाखांहून अधिक निरोप प्रक्षेपित केले. निरोप धाडणारे होते, पण ते टिपणारे कानही हवे होते.

युद्धानंतर छंद पुन्हा छंद झाला. २३ नोव्हेंबर १९७८ पासून युरोप, आफ्रिका व आशियातील मध्यमलहरींची केंद्रे नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडली गेली. आपल्या मुंबई केंद्राचा १०४४ हा आकडा त्याच हिशेबातला. अमेरिकेने मात्र दहाचे अंतर कायम ठेवले. त्यामुळे दोन जवळच्या केंद्रांमधील चिंचोळ्या फटीत पलीकडच्या खंडाचे केंद्र शोधण्याची नवी कला जन्मास आली. फिनलंडमधील छांदिष्ट लॅपलँडच्या अरण्यात सुमारे किलोमीटरभर लांबीच्या तारा पसरून हिवाळ्यातील दीर्घ रात्री जागवतात आणि अमेरिकेतील लहानशा गावांची केंद्रे ऐकतात.

आता मध्यमलहरींची केंद्रेच मिटत चालली आहेत. जर्मनी व फ्रान्स येथील सार्वजनिक नभोवाणीने २०१५ च्या अखेरीस ती बंद केली. गंमत अशी की, जवळची केंद्रे मुकी झाल्याने दूरची काही अधिक स्पष्ट झाली. जणू शिकागोचा सोमवार न ठरवताच परत आला! पण आपल्या घरांतील चार्जर, दिवे आणि पडदे यांनी निर्माण केलेली विद्युत खरखर आता आड येते. छंदिष्ट मंडळी म्हणूनच ऐकायला बसण्यापूर्वी घरातील एकेक उपकरण बंद करतात, आणि मगच बटणाला हात घालतात. कोणा घरी जुना ट्रान्झिस्टर अद्याप फळीवर असेल, तर एखाद्या रात्री दिवे मालवून, फोन दूर ठेवून तो समुद्राच्या बाजूच्या खिडकीत न्यावा. पलीकडे कोणीतरी अजून बोलत असेल.