यात्रेची रात्र आणि ढोलकीची थाप

इतिहासकारांनी लढायांच्या तारखा टिपल्या, तहांची कलमे जपली आणि राजांच्या वंशावळी लावल्या. परंतु सामान्य माणसाने वर्षभर कशाची वाट पाहिली, कोणत्या रात्रीसाठी चार पैसे बाजूला ठेवले, याची नोंद बखरीत सापडत नाही आणि सरकारी दप्तरातही क्वचितच सापडते. वास्तविक एखाद्या समाजाचे मन समजून घ्यायचे असेल, तर त्याने काय मिळवले याइतकेच त्याने कशाची वाट पाहिली हेही विचारले पाहिजे. आज मी आपणांपुढे अशाच एका वाट पाहण्याचा इतिहास मांडणार आहे. विषय यात्रेतल्या वाद्याच्या रात्रीचा आहे आणि ठिकाण आपल्या तापीकाठचे सारंगखेडे आहे.

आजचा तरुण 'डीजेची रात्र' म्हणतो. त्याच्या आजोबांच्या तोंडी 'तमाशाची रात्र' हा शब्द होता. दोन पिढ्या या शब्दांवरून एकमेकींशी भांडतात. नातवाला ढोलकी जुनाट वाटते आणि आजोबांना ध्वनिवर्धकांची भिंत म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. या भांडणात इतिहासाची साक्ष काढली, तर दोघांनाही थोडे आश्चर्य वाटेल.

सारंगखेडे हे शहादे तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते नव्या जिल्ह्यात आले. गावची ख्याती मात्र जिल्ह्याहून कितीतरी जुनी आहे. येथे एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. इतरत्र आपण तीन मुखांची दत्तमूर्ती पाहतो. येथे मुख एकच. महानुभाव पंथ श्रीदत्तात्रेयप्रभूंना पंचकृष्णांपैकी एक मानतो आणि त्याची उपासना एकमुखी रूपाचीच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मूर्तीचे वेगळेपण उलगडते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, येथे यात्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस चालते. तिला जोडून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबकडची जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून येथे येतात. गेल्या दशकात पर्यटनखात्याच्या साह्याने याच यात्रेत 'चेतक फेस्टिव्हल' भरू लागला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, घोडा विकत घेणारा येथे त्याची केवळ उंची, दात आणि चाल पाहत नाही. वाद्य वाजू लागले की घोडा त्यावर पाय टाकतो की नाही, हेही पाहतो. वरातीत नाचणाऱ्या घोड्याला मोल जास्त. ज्या बाजारात जनावराची किंमतही तालावर ठरते, त्या बाजारातल्या माणसांना तालाचे वेड असावे यात नवल काय?

यात्रेचा महिनाही पाहण्यासारखा आहे. खरिपाची पिके निघालेली असतात, कापसाच्या वेचण्या चालू असतात, आणि वर्षभरात हाती रोख पैसा येण्याचे जे थोडे दिवस, त्यांतले हे असतात. थंडी पडलेली, रात्र मोठी आणि पौर्णिमेचे चांदणे. रस्त्यावर विजेचे दिवे नव्हते त्या काळात बैलगाडीने रात्रीचा प्रवास करायचा, तर चांदण्यासारखा सोबती नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईच्याला उतरून पुढे सारंगखेड्याची वाट धरता येई. बाया देवदर्शनाला, गडी घोडा किंवा शेतीची अवजारे पाहायला, पोरे गोडीशेव आणि जिलेबीसाठी असे जो तो आपले कारण सांगून घराबाहेर पडे. तमाशाचे नाव घरात उघडपणे घेतले जात नसे. पण दिवस मावळला की पावले कनातीकडे वळत.

कनातीबाहेरची ती संध्याकाळ हा आपल्या विषयाचा गाभा आहे. खेळ सुरू व्हायला अजून अवकाश असतो. तिकिटाच्या खिडकीपाशी रेटारेटी चालू असते. कनातीमागे कोणी शेकोटीवर हलगी धरून बसलेला असतो. थंडीने कातडे सैल पडते, म्हणून ते तापवून ताणून घ्यावे लागते. मधूनच तो बोटाने टिचकी मारून पाहतो. बाहेर उभ्या असलेल्या जाणकाराचे कान त्या एका टिचकीने टवकारतात. पलीकडे ढोलकी सुरात लावणे चालू असते. खेळ अजून दूर आहे, पण ऐकणाऱ्याच्या अंगात तो सुरू झालेला असतो.

आणि पडदा सरकल्यावर प्रथम कोण येते? नर्तकी येत नाही, राजा येत नाही, सोंगाड्याही येत नाही. परंपरेने प्रथम येतात ते ढोलकीवाला आणि हलगीवाला. दोघे समोरासमोर उभे राहतात आणि शब्दावाचून, गाण्यावाचून, केवळ तालाची झुंज मांडतात. एकाने तुकडा टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून दुपटीने परत करायचा. मग तुणतुणे आणि मंजिरी घेऊन साथीदार येतात आणि गण सुरू होतो. गणानंतर गौळण, मावशीची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि अखेरीस वग, असा हा क्रम. पंडितांनी यातल्या लावणीवर लिहिले, वगावर लिहिले. आरंभीच्या त्या निःशब्द झुंजीकडे मात्र त्यांनी प्रस्तावना म्हणूनच पाहिले. माझे मत वेगळे आहे. ती झुंज म्हणजे जमलेल्या गर्दीची सभा करण्याची युक्ती होय. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची, एकमेकांना अनोळखी अशी माणसे त्या पावघटकेत एका ठेक्यावर येतात. आणि मगच त्यांना कथा सांगता येते.

ही झुंज वाजवणारे हात कोणाचे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पेशवाईत राम जोश्यांसारखे ब्राह्मण शाहीर झाले हे खरे; परंतु तमाशाचा फड पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला तो मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी. कमावलेले कातडे ज्यांच्या हाताखालून जाई, त्यांनाच गाव वेशीबाहेर ठेवी. वर्षाचे बाकीचे दिवस ज्याची सावली नको, त्याच्या थापेची वाट तेच गाव यात्रेच्या रात्री डोळ्यांत तेल घालून पाही. या विसंगतीचा विचार आपल्या समाजाने पुरेसा केलेला नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मणाने तो आपल्या आयुष्याने केला. पठ्ठे बापूराव या नावाने तो फडावर उभा राहिला, पवळा या महार समाजातील कलावतीबरोबर त्याने उभा महाराष्ट्र नादावला आणि त्यासाठी आपल्या जातीचा रोष पत्करला. १९४५ साली तो वारला, तेव्हा त्याच्या लावण्या गावोगाव गायिल्या जात होत्या आणि तो स्वतः मात्र विपन्न होता. विठाबाई नारायणगावकर यांची कथा निराळी नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण २००२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा अखेरचे दिवस हलाखीचेच होते. आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

आता आपण क्षणभर सातासमुद्रांपलीकडे जाऊ. नातवाच्या डीजेचे मूळ तेथे आहे आणि ते पाहिल्याशिवाय त्याला न्याय देता येणार नाही. न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग १९७० च्या सुमारास दारिद्र्याने गांजला होता. तेथे सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या चाळवजा इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा, जमेकाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातला तरुण राही. त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करण्यासाठी ११ ऑगस्ट १९७३ रोजी भावंडांनी इमारतीतल्या सभागृहात नाचाची रात्र ठेवली. हाताने लिहिलेली निमंत्रणे वाटली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास; वेळ रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत. कॅम्पबेलने, म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेल्या कूल हर्कने, नाचणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. गाणे चालू असताना पुष्कळ जण नुसते उभे राहत आणि एका विशिष्ट जागेची वाट पाहत. गाणारा थांबतो, इतर वाद्ये थांबतात आणि काही क्षण एकटा ढोलवाला वाजवतो, ती ती जागा. तिला तिकडे 'ब्रेक' म्हणतात. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरची ती जागा संपली की लगेच दुसरीवरची सुरू करायची, आणि तोवर पहिली तबकडी मागे फिरवून ठेवायची. काही क्षणांचा ठेका अशा रीतीने हवा तितका लांबवता आला. 'ब्रेकबीट' म्हणून जे संगीत जगभर पसरले, त्याची जन्मकथा ही अशी आहे.

श्रोतेहो, ढोलकी-हलगीच्या झुंजीशी याचे साम्य मी ओढूनताणून जोडतो आहे असे समजू नका. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण दोन्हीकडे समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेली माणसे आहेत, दोन्हीकडे चार पैशांचे तिकीट आहे, आणि शब्द थांबून एकटा ताल बोलू लागतो त्या घटकेची आतुरताही दोन्हीकडे तीच आहे.

दुर्दैवाने आणखी एक साम्य आहे. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने 'आमेन, ब्रदर' नावाची तबकडी काढली. तिच्यात जी. सी. कोलमन या वादकाने सुमारे सहा सेकंदांचा एकट्या ढोलाचा तुकडा वाजवला आहे. पुढे इंग्लंड-अमेरिकेत हजारो गाण्यांत तो तुकडा कापून वापरला गेला. कोलमनला त्याचा मोबदला कधीच मिळाला नाही. २००६ मध्ये तो वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड जमवले. ज्याच्या हाताने तो ठेका वाजला, तो ते पाहायला उरला नव्हता. आपल्याकडे तरी काय? फडाच्या जाहिरातीवर मालकाचे नाव असते, नर्तकीचे असते, वगाचे असते. ज्याच्या थापेने माणसे कनातीकडे ओढली जातात, त्याचे नाव किती जणांना सांगता येईल?

डीजेने ढोलकी मारली, असे सरसकट म्हणण्यापूर्वी आणखी एक हिशेब पाहावा लागतो. तमाशाची खरी पुंजी म्हणजे रात्र. वग रंगायचा तो उत्तररात्री आणि संपायचा तांबडे फुटताना. या रात्रीवर पहिला घाला स्वातंत्र्याच्या सुमारास पडला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. कलावंतांनी दाद मागितली, तेव्हा संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. दुसरा घाला डोळ्यांदेखतचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. वर्षातून पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम केली. हा नियम अन्यायाचा नाही. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला, परीक्षेच्या विद्यार्थ्याला झोपेचा हक्क आहे, आणि भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांनी तो हक्क पायदळी तुडवला, म्हणूनच नियमाची गरज भासली. पण परिणाम असा झाला की गोंगाट करणारा दिवसा वाजवू लागला आणि रात्रीवर जगणारा तमाशा मात्र वगाला मुकला. तिसरा तडाखा २०२० चा. तमाशाचा भर हंगाम गुढीपाडव्यापासून सुरू होतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्या वर्षी २५ मार्चला पाडवा होता, आणि त्याच दिवसापासून सारा देश टाळेबंदीत गेला. यात्रा थांबल्या, त्याबरोबर फडांची चूलही थांबली.

मग करावे काय? डीजेला शिव्या देऊन ढोलकी वाचणार नाही. ज्या तरुणाला ठेक्याची जागा कळते, तो कनातीतला रसिक होऊ शकतो. त्याला आत आणणे हे आपले काम आहे. दोन गोष्टी तर यात्राकमिट्यांच्या हातातल्या आहेत. मध्यरात्रीपर्यंतच्या सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी ठरवतात. त्यांत यात्रेच्या मुख्य रात्री धरल्या जाव्यात, अशी मागणी वेळेवर आणि लेखी करावी, आणि खेळ लवकर सुरू करून वगाला त्याचे दोन तास मिळवून द्यावेत. दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. जाहिरातीवर ढोलकीवाल्याचे आणि हलगीवाल्याचे नाव छापावे आणि बिदागी ठरवताना त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा.

वाट पाहणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मार्गशीर्षाचे चांदणे पडले की तापीकाठी माणसे अजून जमतात, घोडे अजून तालावर पाय टाकतात. ज्यांच्या हाताची ते वाट पाहतात, त्या हातांना भाकरी आणि नाव देण्याचे ऋण मात्र आपल्या शिरावर पिढ्यान्‌पिढ्या थकलेले आहे. ते फेडण्याची बुद्धी आपणां सर्वांना होवो.