क्रूसोचे बेट आणि तामुराचे बेट

साहसकथेचा नायक संकटात सापडतो तो बहुधा स्वतःच्या इच्छेने घर सोडल्यामुळे. डॅनिएल डिफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) या कादंबरीत वडील परोपरीने समजावतात, तरी क्रूसो समुद्रावर जातोच. पुढे बेटावर २८ वर्षे काढताना तो फुटक्या जहाजातून बंदुका, दारूगोळा, हत्यारे आणतो, बार्ली पिकवतो, शेळ्या पाळतो. वाचक त्याच्या जिद्दीला दाद देतो. जिजीविषा हाच या कथाप्रकाराचा सर्वोच्च सद्गुण ठरतो. मात्र ज्याला बेटावर राज्यसत्तेने धाडले, त्याच्या जिजीविषेचे काय होते? हा प्रश्न मनात धरून ओओका शोहेई या जपानी लेखकाची 'नोबी' (१९५१) ही कादंबरी क्रूसोशेजारी ठेवून वाचावी, असे आम्हांस वाटते.

जपानमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा जानेवारी १८७३ मध्ये आला. त्याच्या थोडे आधी निघालेल्या जाहीरनाम्यात या सेवेला 'रक्तकर' म्हटले होते. शब्द लाक्षणिक होता; पण सरकार खरोखरच अंगातले रक्त काढून घेणार, अशी अफवा खेड्यापाड्यांत पसरली आणि अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी दंगे केले. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण पुढे, जानेवारी १९४१ मध्ये, युद्धमंत्री तोजो हिदेकी यांच्या नावाने सैनिकांसाठी 'सेनजिंकुन' ही आचारसंहिता निघाली. जिवंतपणी शत्रूच्या हाती सापडण्याची लाज पत्करू नये, असे तिने बजावले. म्हणजे देहाबरोबर जगण्याची इच्छाही राज्याच्या खात्यावर जमा झाली.

ओओका हे स्तांदालचे अभ्यासक व अनुवादक. १९४४ मध्ये, पस्तिशीत, त्यांना सैन्यात ओढले गेले, फिलिपीन्समधील मिंदोरो बेटावर पाठवले गेले आणि जानेवारी १९४५ मध्ये ते अमेरिकनांचे कैदी झाले. 'नोबी'तला तामुरा मात्र लेयते बेटावर आहे. तो क्षयाने आजारी आहे. अन्नाअभावी तुकडीला तो नको आहे, इस्पितळालाही नको आहे. इस्पितळाने घेतले नाही तर हातबाँबने स्वतःला संपव, असे वरिष्ठ त्याला सांगतो. क्रूसोला जहाजाने जगण्याचे साहित्य दिले. तामुराला सैन्याने थोडे कंद आणि मरणाचे साधन दिले.

दोन्ही कथांत नरभक्षण आहे. क्रूसो ज्यांना भितो ते नरभक्षक परके आहेत. तामुराच्या भोवती मात्र स्वतःचेच सोबती 'माकडाचे मांस' म्हणून माणसाचे मांस खात आहेत. एक मरणासन्न अधिकारी आपला दंड खाण्यासाठी देऊ करतो. तामुराचा उजवा हात शस्त्राकडे वळतो, तोच डावा हात त्याचे मनगट घट्ट धरतो.

या प्रसंगाकडे केवळ भ्रमिष्टपणाचे चित्रण म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. कुठे जावे, कोणाला मारावे, केव्हा मरावे, हे सारे तामुरासाठी इतरांनीच ठरवले होते. त्याच्या वाट्याला एकच निर्णय उरला होता : जगण्यासाठी आपण काय करणार नाही. तोही त्याला पुरता पाळता येत नाही. पुढे सोबत्याने भरवलेले ते 'माकडाचे मांस' त्याच्या पोटात जातेच.

क्रूसो मायदेशी परततो तो श्रीमंत होऊन. तामुरा परततो आणि मनोरुग्णालयात बसून आपली कहाणी लिहितो. साहसकथेतील जिजीविषा निष्पाप वाटते, कारण घरातून निघण्याचा निर्णय नायकाने स्वतः घेतलेला असतो. साहसकथा शिकवताना आपण बेटावरच्या युक्त्यांविषयी पुष्कळ बोलतो. नायकाला तिथे कोणी पाठवले, हे विचारायचे मात्र राहून जाते.