नवरसापासून यंत्रस्वरापर्यंत

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटांत जो पाणीमहाल बांधिलेला आहे, तो पाहावयास लोक पावसाळ्यांत जातात आणि नर-मादी धबधब्यांचें कौतुक करून परततात. परंतु ज्याच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, हा महाल उभा राहिला त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचें चित्त दगडचुन्यापेक्षां सुरांत अधिक गुंतलेलें होतें, हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. दखनी भाषेंत त्यानें 'किताब-ए-नवरस' नांवाचा गीतसंग्रह रचिला. त्यांतील गीतें रागवारीनें लाविलीं. मुसलमान सुलतान असून सरस्वतीला वंदन केलें. आणि आपल्या तंबोऱ्यास 'मोतीखान' असें मानाचें नांव दिलें. जुने राग, दखनी बोली आणि दुसऱ्या धर्माचें दैवत यांचा मेळ घालणारा हा मनुष्य आज आपणांस परंपरेचाच एक भाग वाटतो. त्याच्या काळीं मात्र तो नवाच होता.

हें स्मरण होण्याचें कारण असें कीं, आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील घरांतही आतां तरुण मुलें जॅझ, सोल, फंक, हाऊस अशा नांवांचें संगीत कानांत यंत्र घालून ऐकतात, आणि वडील मंडळी "हें कांहीं आपलें नव्हे" असें म्हणून मान फिरवितात. त्यांचें म्हणणें खरें कीं खोटें, हें रुचीवर न सोडतां इतिहासास विचारून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या पेटीवांचून आपलें भजन उभें राहत नाहीं, ती हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्यें जन्मली. तिच्या ठरीव स्वरांत आपल्या श्रुति बसत नाहींत, म्हणून आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दार बंद केलें. तें पुन्हां किलकिलें होण्यास १९७१ साल उजाडलें. या काळांत कीर्तनकारांनीं किंवा वारकऱ्यांनीं पेटी टाकून दिली नाहीं. आपलें कोणतें आणि परकें कोणतें याचा निवाडा दिवाणखान्यांत होतो त्यापेक्षां मंडपांत अधिक होतो, असें यावरून दिसतें.

जॅझची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. १९३५ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्या वेळीं आमचा जिल्हा उस्मानाबाद या नांवानें निजामच्या राज्यांत होता, आणि तो भारतांत येण्यास १९४८ चा सप्टेंबर यावयाचा होता. ॲबीच्या मागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे वादक आले. त्यांचें वादन ऐकून जे शिकले त्यांत मुख्य भरणा गोमंतकीयांचा होता. आणि तो योगायोग नव्हता. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकविण्याची वहिवाट होती. त्यामुळें कागदावर लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजविणारे हात तेथें तयार होते. हळदोण्याचे अंतोनियु झेवियर वाझ यांना पुढें रसिक 'शिक चॉकलेट' म्हणूं लागले; त्यांच्या ट्रंपेटामुळें त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग अशी पदवी मिळाली.

हे वादक रात्रीं हॉटेलांत वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्यांत जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं 'शहनाई' (१९४७) व 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतून पाश्चात्य नृत्यांची लय घरोघर पोहोंचविली. तींत शिक चॉकलेटसारख्यांचा हात होता. संगीतकार चाल सुचवी. परंतु पन्नास वादकांना ती तोंडीं शिकवितां येत नसे. कोणत्या व्हायोलिननें काय वाजवावें, ट्रंपेट कोठें उठावा, हें लिहून देणारा मनुष्य लागे. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनीं तें काम वर्षानुवर्षें केलें. तबकडीवर मात्र गायकाचें व संगीतकाराचें नांव छापलें जाई. लिहून देणाऱ्याचें बहुधा नसे.

याच चित्रपटसृष्टींत गिटार व विद्युत्-वाद्यें वाजविणारे चरणजित सिंग हे एक वादक होते. १९८२ सालीं त्यांनीं मुंबईंत तीन जपानी यंत्रें जुळविलीं : एक सुरांचें, एक तालाचें आणि एक खर्जाच्या सुरावटीचें. त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग वाजवून त्यांनीं तबकडी काढिली. ती कोणाच्या फारशी लक्षांत आली नाहीं. पुढें १९८७ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरांतून, तशाच खर्जयंत्राच्या पिळदार आवाजावर उभारलेली हाऊस संगीताची एक तबकडी निघाली आणि तिच्यापासून 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जगभर पसरला. २०१० सालीं चरणजितांची तबकडी हॉलंडमधून पुन्हां प्रसिद्ध झाली, तेव्हां ती खरोखर १९८२ ची आहे यावर कित्येकांचा विश्वास बसेना.

येथें इतिहासकारानें तोल सांभाळिला पाहिजे. "हाऊस संगीत मुंबईंत जन्मलें" असें म्हणून छाती फुगविण्याचें कारण नाहीं. शिकागोच्या तरुणांनीं ही तबकडी ऐकली होती असें मानण्यास कोणताही आधार नाहीं. परंतु साम्याचें कारण स्पष्ट आहे. तें यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातें. आपणांस तींत मींड ऐकूं येते. त्याची आवर्तनें न बदलतां फिरत राहतात. रागालाही पाश्चात्यांचे बदलते स्वरमेळ नको असतात, एक आधारस्वर पुरतो. यंत्र तेंच, त्याच्या गुणांस ज्याच्या हाताचा संस्कार मिळाला तसें तें बोललें.

आणि न बदलणाऱ्या आवर्तनाची मोहिनी आम्हां तुळजापूरकडच्या लोकांना कोणी परदेशांतून शिकवावी असें नाहीं. भवानीच्या नांवानें गोंधळ उभा राहतो, संबळ कमरेला बांधिला जातो, तुणतुणें एकच स्वर धरून बसतें, आणि दिवटीच्या उजेडांत रात्र कशी सरली तें कळत नाहीं. ज्याचे कान या लयीवर वाढले आहेत, त्यानें हाऊस संगीतास नुसतें "ठोकठोक" म्हणून हिणवावें, हें आपल्याच अंगणास न ओळखण्यासारखें आहे. उलट, ज्या तरुणास शिकागोची लय गोड वाटते त्यानें संबळाकडे पाठ फिरवावी, हेंही तितकेंच आंधळेपणाचें.

नवें तेवढें चांगलें असें आमचें म्हणणें नाहीं. नव्यांत टाकाऊ पुष्कळ असतें, आणि तें काळ गाळून टाकितो. पण काळाची चाळणी आंधळी आहे; ती कधीं कधीं दाणेही गाळते. एका तबकडीला अठ्ठावीस वर्षांनीं परक्यांनीं दार उघडलें, आणि २०१५ सालीं चरणजित निवर्तले त्यापूर्वीं त्यांना तें पाहावयास मिळालें. शिक चॉकलेट १९६७ मध्येंच गेले. ज्यांची तबकडीच निघाली नाहीं अशा संबळवादकांना तर पुन्हां ऐकणार कसें?

म्हणून वाचकांस विनंति एवढीच कीं, घरीं गोंधळ घालाल तेव्हां संबळ वाजविणाऱ्याचें नांव व गांव विचारून घ्यावें, त्याचें वादन मुद्रित करून ठेवावें, आणि त्या मुद्रणावर तें नांव लिहावें. सुलतानानें आपल्या तंबोऱ्यास नांव दिलें, म्हणून तो तंबोरा चारशें वर्षांनीं आपणांस ठाऊक आहे. वाजविणाऱ्या माणसाला निदान तेवढा तरी मान मिळावा.